यंत्रशाळेत कौशल्य शिकवताना प्रशिक्षणाची पद्धत कशी निवडावी

भोसरी, सातपूर, वाळूज किंवा शिरोलीसारख्या औद्योगिक वसाहतीतील पन्नास ते दोनशे माणसांच्या कारखान्यात प्रशिक्षणाचा विषय बहुधा दोनच प्रसंगी निघतो. एक तर ग्राहकाची तक्रार येते, नाही तर ऑडिटची तारीख जवळ येते. दोन्ही वेळी घाई असते आणि घाईत जी पद्धत सर्वांत सोयीची असते तीच निवडली जाते: कँटीनमध्ये प्रोजेक्टर लावायचा, सर्वांना दोन तास बसवायचे, हजेरीपटावर सह्या घ्यायच्या आणि शेवटी दहा प्रश्नांची चाचणी घेऊन कागद फाइलला लावायचे. या पद्धतीने काही गोष्टी चांगल्या शिकवता येतात, परंतु लेथवर ऑफसेट देणे (टूलच्या मापातील दुरुस्तीचा आकडा यंत्रात भरणे), कास्टिंगमधला, म्हणजे ओतीव भागातला, बारीक दोष ओळखणे किंवा बिघडलेले सेटिंग रात्रपाळीत पुन्हा बसवणे ही कामे तिने येत नाहीत. कोणती पद्धत घ्यायची हे कामाचे स्वरूप काय आहे आणि त्यात चूक झाली तर कोणती किंमत मोजावी लागते, यावरून ठरले पाहिजे. पुढील मार्गदर्शन यंत्रकाम, जुळणी आणि तपासणी करणाऱ्या लहान व मध्यम कारखान्यांतील पर्यवेक्षक, गुणवत्ता विभागाचे प्रमुख आणि मनुष्यबळ अधिकारी यांच्यासाठी आहे.

प्रशिक्षणाची गरज खरोखर आहे का?

रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढले की सुधारात्मक कृतीच्या रकान्यात ‘ऑपरेटरला प्रशिक्षण दिले’ असे लिहून मोकळे होण्याची सवय अनेक कारखान्यांत रुजली आहे. ती मोडणे हे पहिले काम आहे. गेल्या तीन महिन्यांच्या रिजेक्शनची नोंद घ्या आणि ती यंत्रानुसार, पाळीनुसार आणि माणसानुसार वेगळी करा. एकाच यंत्रावर तिन्ही पाळ्यांत तोच दोष येत असेल तर फिक्स्चर (जॉब, म्हणजे यंत्रावर घडवायचा भाग, धरून ठेवणारी चौकट), टूल, प्रोग्राम किंवा कच्चा माल यांच्याकडे पाहावे लागेल. तेथे माणसांना कितीही शिकवले तरी आकडा हलणार नाही. एकच ऑपरेटर कोणत्याही यंत्रावर गेला तरी तोच दोष येत असेल, तर मात्र शिकवण्याचे काम बाकी आहे असे समजावे.

त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारावा: हेच काम या माणसाने पूर्वी बरोबर केले आहे का? केले असेल तर त्याला ते येते, आणि आता ते का होत नाही याचे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे. मोजमापाचे गेज जागेवर नसते, सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला दिलेला वेळ, इतका कमी ठरवलेला असतो की प्रत्येक पाचवा जॉब तपासायला सवडच मिळत नाही, किंवा तपासणी करणाऱ्याला उत्पादन घटल्याबद्दल बोलणी बसतात. यांपैकी कोणत्याही कारणावर प्रशिक्षण हा उपाय नाही. जॉब उलटा बसवण्यासारखी साधी चूक वारंवार होत असेल तर फिक्स्चरमध्ये एक पिन बसवून उलटा जॉब बसूच नये अशी सोय करणे हे शंभर सूचनांपेक्षा स्वस्त आणि खात्रीचे आहे. येथे अशी चूक होऊच न देणारी सोय, म्हणजे पोका-योके, पुरेशी असेल तर प्रशिक्षणाचा विचार सोडून द्यावा.

पदाचे नाव बाजूला ठेवून कामाचे भाग पाडा

‘सीएनसी (संगणक-नियंत्रित यंत्र) ऑपरेटरचे प्रशिक्षण’ या नावाखाली पद्धत निवडता येत नाही, कारण त्या एका पदात अनेक वेगवेगळ्या प्रकारची कामे दडलेली असतात. ड्रॉइंगवरील टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, वाचणे हे समजण्याचे काम आहे. चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या भागात) जॉब बसवणे, इन्सर्ट (टूलची बदलता येणारी धार) बदलणे आणि ऑफसेट देणे ही हाताने, ठरलेल्या क्रमाने करायची कामे आहेत. पृष्ठभागावरील ओरखडा चालेल की नाही हे ठरवणे हे नजरेचे काम आहे. कंट्रोलची बॅटरी बदलणे हे वर्षातून एखादे वेळी करायचे काम आहे. पाळी बदलताना पुढच्या माणसाला अडचण नीट सांगणे हे बोलण्याचे काम आहे. या पाचही कामांना एकच पद्धत लावली की त्यांतली तीन-चार तरी शिकवायची राहून जातात.

म्हणून कारखान्यातील प्रत्येक महत्त्वाच्या यंत्रासाठी अशी यादी करावी आणि प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी लिहाव्यात: हे काम किती वेळा करावे लागते आणि ते चुकले तर काय होते. वारंवार होणारे व चूक भरून काढता येणारे काम यंत्राशेजारी शिकवता येते. चुकल्यास बोटे किंवा जीव जाऊ शकतो असे काम आधी उत्पादनापासून दूर शिकवलेच पाहिजे. क्वचित होणारे काम कोणाच्याही स्मरणात राहत नाही, म्हणून त्यासाठी यंत्रावर लावलेला पायऱ्यांचा तक्ता हीच मुख्य सोय आणि प्रशिक्षण हे केवळ तो तक्ता वापरायला शिकवण्यापुरते.

हाताच्या कामासाठी: यंत्राशेजारी, ठरलेल्या चार पायऱ्यांनी

आपल्याकडे नव्या माणसाला जुन्या ऑपरेटरशेजारी उभे करण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती मुळात योग्य आहे, कारण शिकणारा खऱ्या यंत्रावर, खऱ्या जॉबवर शिकतो. तिचा दोष एवढाच की काय, कोणत्या क्रमाने आणि किती शिकवायचे हे ठरलेले नसते. जुना ऑपरेटर स्वतःच्या उत्पादनात गुंतलेला असतो आणि नवा माणूस आठवडाभर फक्त जॉब उचलून देतो.

हा दोष दूर करणारी एक जुनी आणि कसोटीला उतरलेली पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांत अननुभवी माणसांना झपाट्याने कामाला लावण्यासाठी १९४० ते १९४५ या काळात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा सरकारी उपक्रम चालला. त्यातून १६ लाखांहून अधिक लोकांना प्रशिक्षण मिळाले आणि युद्धानंतर ती पद्धत जपानमध्ये गेली, जिथे टोयोटासारख्या कंपनीने ती आपल्या कामाच्या रीतीत मुरवून घेतली. तिच्या पायऱ्या चार आहेत: शिकणाऱ्याला तयार करणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि त्यानंतर त्याच्याकडे लक्ष ठेवणे. वाचताना त्या अगदी साध्या वाटतात, पण त्यांचे बळ शिकवण्याआधी केलेल्या तयारीत आहे. काम लहान टप्प्यांत मोडायचे, प्रत्येक टप्प्यातील कळीची गोष्ट लिहायची आणि त्या कळीच्या गोष्टीचे कारण लिहायचे, अशी ती तयारी असते.

सीएनसी लेथवर वेअर ऑफसेट देण्याचे, म्हणजे टूलच्या झिजेमुळे आलेला मापातील फरक भरून काढण्याचे काम उदाहरणादाखल घेऊ. बाहेरचा व्यास २५.०० मिमी हवा आहे आणि जॉब मोजल्यावर २५.०४ आला आहे. पहिला टप्पा जॉब मोजण्याचा. त्यातील कळीची गोष्ट म्हणजे जॉब पुसलेला, बर (कडेला राहिलेला धातूचा कंगोरा) काढलेला आणि निवलेला असावा, कारण गरम जॉब मोठा मोजला जातो. १०० मिमी व्यासाचा पोलादी जॉब २० अंशांनी तापलेला असेल तर त्याचा व्यास सुमारे ०.०२ मिमीने वाढलेला असतो, आणि अनेक ड्रॉइंगवर तेवढीच टॉलरन्स असते. दुसरा टप्पा फरक काढण्याचा. येथे कळीची गोष्ट अशी की नेहमी ‘हवे असलेले माप वजा आलेले माप’ असाच हिशोब करावा, म्हणजे उणे-अधिकचा गोंधळ होत नाही. येथे उत्तर −०.०४ येते, आणि हाच नियम आतल्या बोअरलाही चालतो. तिसरा टप्पा योग्य पान आणि योग्य ओळ शोधण्याचा. कंट्रोलच्या पडद्यावर वेअरचे पान आणि जॉमेट्रीचे (टूलच्या मूळ मापांचे) पान दिसायला सारखे असते, म्हणून पानाचे नाव वाचावे, ओळीवर बोट ठेवावे आणि टूलचा क्रमांक मोठ्याने म्हणावा. दुसऱ्याच टूलच्या ओळीत आकडा भरला तर चूक दोन ठिकाणी उमटते.

चौथा टप्पा आकडा भरण्याचा, आणि सर्वाधिक नुकसान येथेच होते. −०.०४ ऐवजी −०.४ भरले तर पुढचा जॉब २४.६४ मिमीचा होऊन थेट भंगारात जातो. फानुक कंपनीच्या कंट्रोलवर ‘इनपुट’ आणि ‘प्लस इनपुट’ या दोन वेगळ्या कळा असतात. पहिलीने जुना आकडा पुसून नवा बसतो, दुसरीने जुन्यात नवा मिळवला जातो. ओळीत आधीच −०.०६ असताना ऑपरेटरने चुकून ‘इनपुट’ दाबले तर तेथे −०.१० ऐवजी −०.०४ बसते आणि जॉब लहान होण्याऐवजी २५.०६ मिमीचा होतो. मग तो माणूस गोंधळून पुन्हा ऑफसेट देतो, आणि पुढील पाच-सहा जॉब वर-खाली होत राहतात. पाचवा टप्पा, पुढचा जॉब काढून पुन्हा मोजण्याचा आणि नोंदवहीत बदल लिहिण्याचा.

असा कागद एका कामासाठी एका दुपारी तयार होतो. तो कार्यालयात बसून लिहू नये. यंत्रावरचा अनुभवी ऑपरेटर आणि पर्यवेक्षक यांनी काम प्रत्यक्ष करत करत लिहावा. त्याची भाषा मजल्यावर जी बोलली जाते ती असावी, म्हणजे मराठी किंवा हिंदी. कंट्रोल पॅनेलवरील शब्द मात्र जसे तेथे आहेत तसेच ठेवावेत, कारण शिकणाऱ्याला ते शोधायचे असतात. चाकण किंवा रांजणगावच्या एखाद्या मजल्यावर मराठवाड्यातून आणि बिहारमधून आलेली मुले शेजारी-शेजारी काम करत असतील तर दोन्ही भाषांत कागद करण्याचा कंटाळा करू नये.

शिकवताना एका बैठकीत पाच ते सात टप्प्यांपेक्षा जास्त घेऊ नयेत. आधी शिकवणाऱ्याने काम करून दाखवावे, दुसऱ्यांदा करताना कळीच्या गोष्टी सांगाव्यात, तिसऱ्यांदा कारणे सांगावीत. मग शिकणाऱ्याने काम करावे: पहिल्यांदा न बोलता, नंतर टप्पे सांगत, नंतर कळीच्या गोष्टी आणि कारणे सांगत. शिकणाऱ्याने ‘समजलं’ म्हटले म्हणून पुढे जाऊ नये. तो काय म्हणतो यापेक्षा तो काय करतो आणि करताना काय सांगतो यावरून ठरवावे. शेवटी त्याला एकट्याला काम द्यावे, अडचण आली तर कोणाला हाक मारायची त्या व्यक्तीचे नाव सांगावे, आणि पहिल्या दिवशी तासातासाला, नंतर पाळीतून दोनदा अशी तपासणी हळूहळू कमी करत जावी.

या पद्धतीत सर्वांत जास्त बिघडते ते शिकवणाऱ्याची निवड करताना. सर्वांत जास्त उत्पादन काढणारा ऑपरेटर चांगला शिक्षक असेलच असे नाही. त्याचा हात इतका सरावलेला असतो की तो स्वतः काय करतो हे त्याला सांगता येत नाही. संयमी, नीट बोलणारा आणि दुसरा काम करत असताना मध्ये न पडता पाहत राहणारा माणूस निवडावा. आणि ज्या पाळीत तो शिकवणार असेल त्या पाळीत त्याच्या यंत्राचे लक्ष्य लेखी कमी करावे. ही गोष्ट मी आग्रहाने सांगतो, कारण लक्ष्य तेच ठेवून वर शिकवण्याची जबाबदारी दिली की तो माणूस शिकणाऱ्याच्या हातून काम काढून घेतो आणि स्वतः पूर्ण करतो. त्यात त्याचा दोष नाही. इन्सेंटिव्ह बुडत असेल तर तो भरून देण्याची व्यवस्थाही आधी करावी.

नजरेचे काम: अनेक नमुने, लगेच उत्तर

कोल्हापूरच्या फौंड्रीत किंवा पुण्याच्या प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात अंतिम तपासणीला बसणाऱ्या माणसाला पिन होल, ब्लो होल, श्रिंकेज आणि वाळूचा समावेश यांसारख्या दोषांच्या व्याख्या पाठ करून घेणे फारसे उपयोगी नसते. नजर तयार होते ती तुलनेने. त्यासाठी खऱ्या उत्पादनातून चांगले, वाईट आणि विशेषतः काठावरचे नमुने जमवावेत, ग्राहकाच्या गुणवत्ता विभागाकडून त्यांच्यावर मान्यतेची सही घ्यावी आणि त्यांना क्रमांक द्यावेत. ढोबळ दोष कोणालाही दिसतो. शिकवायची असते ती सीमा, म्हणून काठावरचे नमुने निम्मे तरी असावेत.

मग शिकणाऱ्यासमोर एकेक नमुना ठेवून ‘पास की फेल’ असे विचारावे आणि प्रत्येक उत्तरानंतर लगेच बरोबर उत्तर सांगावे. दिवसाच्या शेवटी सगळी उत्तरे एकदम सांगितली तर नजरेला काहीच शिकायला मिळत नाही, कारण तोवर नमुना डोळ्यांसमोर राहिलेला नसतो. रोज वीस मिनिटे, तपासणीच्या खऱ्या प्रकाशात, हा सराव घ्यावा. माणूस तयार झाला की नाही हे पाहण्यासाठी साधारण तीस नमुने क्रम बदलून दोन वेगळ्या दिवशी द्यावेत. येथे दोन गोष्टी पाहायच्या असतात: त्याची उत्तरे मान्य उत्तरांशी जुळतात का, आणि तो स्वतःशी तरी सहमत आहे का. त्याच नमुन्याला सोमवारी पास आणि बुधवारी फेल म्हणत असेल तर व्याख्येचा नव्हे, सरावाचा किंवा प्रकाशाचा प्रश्न आहे. अनुभवी निरीक्षकांचीही अशी परीक्षा घ्यावी. जुन्या माणसांत एकवाक्यता नसेल तर नव्याने कोणाचे ऐकायचे?

धोक्याचे काम

पॉवर प्रेस, ओव्हरहेड क्रेन, फोर्कलिफ्ट आणि उंचीवरचे काम यांच्या बाबतीत ‘बघत बघत शीक’ ही रीत चालू देऊ नये. पुण्याच्या परिसरातील वाहनउद्योगाच्या पुरवठा साखळीत प्रेसवर बोटे गमावलेली तरुण मुले आहेत, आणि त्यांच्यातील अनेकांना हेल्पर म्हणून घेऊन थेट यंत्रावर बसवलेले असते. आधी यंत्र बंद असताना शिकवावे: गार्ड कोठे आहे, दोन हातांच्या कळा कशा तपासायच्या, लाइट कर्टन (हात आत जाताच यंत्र थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) काम करते की नाही हे पाळीच्या सुरुवातीला कसे पाहायचे, जॉब अडकला तर वीज तोडून कुलूप लावल्याशिवाय हात का घालायचा नाही. त्यानंतर इंच मोडवर, म्हणजे यंत्र थोडे-थोडे सरकवत, पर्यवेक्षकाच्या उपस्थितीत सराव द्यावा. सुरक्षा उपकरण बिघडलेले दिसताच यंत्र थांबवणाऱ्या माणसाला कोणी रागावणार नाही, हे कारखान्याच्या प्रमुखाने स्वतः येऊन सांगावे. हा प्रशिक्षणाचाच भाग आहे, कारण पर्यवेक्षक उत्पादनासाठी गार्ड काढताना दिसला तर त्याआधी शिकवलेले सगळे वाया जाते.

वेल्डिंग आणि सीएनसी प्रोग्रामिंगसाठी सिम्युलेटर उपयुक्त आहेत. टॉर्चचा कोन, अंतर आणि वेग यांची पहिली सवय गॅस व प्लेट न जाळता लागते. प्रोग्राममधील टक्कर संगणकाच्या पडद्यावर दिसते आणि स्पिंडल वाचते. मात्र वितळलेल्या धातूचा अंदाज आणि टूलच्या आवाजातला बदल सिम्युलेटर शिकवू शकत नाही, म्हणून त्याला पहिला टप्पा मानावे आणि खरा निकाल वाकवून तपासलेल्या वेल्डवर द्यावा.

वर्ग केव्हा घ्यावा आणि कसा घ्यावा

ज्ञानाच्या भागासाठी वर्ग हीच योग्य पद्धत आहे. टॉलरन्स, भौमितिक खुणा, मोजमापाच्या साधनांची अचूकता, नव्या भागाची ग्राहकाच्या गाडीतील जागा या गोष्टी आठ ते बारा जणांना एकत्र शिकवल्या तर चर्चा होते आणि वेळ वाचतो. ड्रॉइंग पुस्तकातले न घेता कारखान्यात चालू असलेले घ्यावे, आणि जॉब व व्हर्निअर टेबलावर असावेत.

वर्गाची विभागणी कशी करावी याबाबत ब्रिटनच्या टपाल खात्यातील कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अॅलन बॅडले आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये तो प्रसिद्ध केला. कळफलक शिकणाऱ्या काही जणांना रोज एक तास आणि काहींना रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका असे सराव दिले गेले. रोज एकच तास शिकणाऱ्यांना तेवढेच कौशल्य मिळवण्यासाठी एकूण तास कमी लागले. दिवस मात्र जास्त लागले. आणि आपल्या वेळापत्रकावर सर्वांत कमी समाधानी तेच होते. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. रविवारी आठ तासांची कार्यशाळा घेण्यापेक्षा पाळीच्या सुरुवातीची पाऊण तासाची बैठक आठवड्यातून दोनदा घेणे बरे, आणि प्रशिक्षण संपल्यावर भरून घेतलेल्या समाधानाच्या अर्जावरून शिकणे किती झाले याचा निष्कर्ष काढू नये.

प्रत्येक बैठकीची सुरुवात मागच्या बैठकीतील तीन-चार प्रश्नांनी करावी आणि उत्तरे वही न पाहता द्यायला लावावीत. आठवण्याचा प्रयत्न हाच सराव असतो. तीच स्लाइड पुन्हा दाखवण्यापेक्षा त्याचा परिणाम अधिक टिकतो.

येथे दोन गैरसमजांविषयी सांगणे भाग आहे, कारण ते प्रशिक्षकांच्या स्लाइडमधून अजूनही फिरत असतात. ‘वाचलेले दहा टक्के, ऐकलेले वीस टक्के, केलेले नव्वद टक्के लक्षात राहते’ हा आकड्यांचा मनोरा एडगर डेल यांच्या १९४६ मधील शंकूच्या नावावर दाखवला जातो, पण डेल यांच्या शंकूत टक्केवारी नव्हतीच. तसेच काही माणसे डोळ्यांनी, काही कानांनी आणि काही हातांनी शिकतात, म्हणून प्रत्येकाला त्याच्या प्रकाराने शिकवावे, या कल्पनेला पुरेसा आधार नसल्याचे मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये घेतलेल्या आढाव्यात दिसून आले. माप घेणे सर्वांनाच मायक्रोमीटर हातात घेऊनच शिकावे लागते.

फोनवरील व्हिडिओ आणि यंत्रावरचे तक्ते

क्यूआर कोड स्कॅन केला की दोन मिनिटांचा व्हिडिओ दिसतो, अशी सोय अनेक कारखान्यांनी केली आहे. क्वचित करायच्या कामासाठी आणि रात्रपाळीसाठी ती फार चांगली आहे, कारण रात्री सेटर किंवा मेंटेनन्सचा माणूस हजर असेलच असे नाही. व्हिडिओ आपल्याच यंत्राचा, आपल्याच माणसाचा आणि एकाच कामाचा असावा. हाताचे कौशल्य मात्र व्हिडिओ पाहून येत नाही, आणि प्रशिक्षण झाल्याची नोंद केवळ व्हिडिओ पाहिल्यावरून करू नये. संदर्भासाठी भारत सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या ‘भारत स्किल्स’ या संकेतस्थळावर आयटीआयच्या व्यवसायांचे साहित्य विनामूल्य मिळते.

बाहेर केव्हा पाठवावे

कारखान्यात ज्याचे ज्ञानच नाही ते बाहेरून आणावे लागते: पाच अक्षांवरील प्रोग्रामिंग, टूल डिझाइन, त्रिमितीय मोजमाप यंत्र. छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेत अशा विषयांचे लघुमुदतीचे अभ्यासक्रम असतात. पाठवताना एकट्याला पाठवू नये. दोघांना पाठवावे, आणि परत आल्यानंतर महिन्याभरात त्यांच्या हाती तेच काम द्यावे. काम दिले नाही तर शिकलेले विसरते, आणि माणूस दुसरीकडे नोकरी शोधतो.

नव्या पिढीची भरती करायची असेल तर शिकाऊ उमेदवारी ही सर्वांत भक्कम पद्धत आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानुसार आणि २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि चार ते २९ माणसे असतील तर ते ऐच्छिक आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, दरमहा कमाल १,५०० रुपयांपर्यंत वाटा केंद्र सरकार उचलते. परंतु स्वस्त हेल्पर म्हणून त्यांना वापरायचे असेल तर या योजनेत पडूच नये. दर तीन महिन्यांनी कोणते यंत्र, कोणती कामे आणि कोण शिकवणार, हे पहिल्याच दिवशी उमेदवाराच्या हाती लिहून द्यावे.

खर्चाचा हिशोब

प्रशिक्षणाचा खर्च म्हणजे प्रशिक्षकाचे मानधन असे धरले जाते. समजा, बारा ऑपरेटर एक दिवस वर्गात बसले आणि एका यंत्राचा ताशी दर ५०० रुपये आहे. बारा यंत्रे आठ तास बंद राहिली तर ४८,००० रुपये तेथेच गेले, मानधन वेगळे. उलट यंत्राशेजारच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्याचे उत्पादन काही दिवस निम्म्याने कमी होते, पण यंत्र चालू राहते. हा हिशोब दोन्ही बाजूंनी मांडून मालकापुढे ठेवला तर चर्चा नेमकी होते, आणि ‘कमी खर्चाची’ म्हणून निवडलेली पद्धत बरेचदा महाग ठरलेली दिसते.

शिकले की नाही हे कसे ठरवावे

गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१:२०१५ या मानकाचे कलम ७.२ असे सांगते की माणसे सक्षम आहेत याची खात्री करावी, घेतलेल्या कृतीची परिणामकारकता तपासावी आणि त्याचा पुरावा ठेवावा. वाहनउद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकात कामाच्या जागी दिले जाणारे प्रशिक्षण कंत्राटी माणसांनाही दिले पाहिजे असे स्पष्ट आहे, आणि नेमके तेच सर्वत्र टाळले जाते. चाचणीत दहापैकी आठ गुण हा फार तर ज्ञानाचा पुरावा आहे. सक्षमतेचा पुरावा प्रत्यक्ष कामातून घ्यावा: सेटिंगनंतरचा पहिला पीस किती वेळा पहिल्याच प्रयत्नात पास झाला, तीस दिवसांनंतर अचानक पाहिले असता कळीच्या गोष्टी पाळल्या जातात का, आणि त्या माणसाच्या पाळीतील रिजेक्शन आधीच्या तीन महिन्यांच्या तुलनेत कोठे आहे.

ही माहिती मजल्यावरील स्किल मॅट्रिक्सच्या, म्हणजे कोणाला कोणते काम किती येते हे दाखवणाऱ्या तक्त्याच्या, फलकावर आली पाहिजे. चार भागांच्या वर्तुळात पहिला भाग म्हणजे माहिती आहे, दुसरा म्हणजे देखरेखीखाली करतो, तिसरा म्हणजे एकटा करतो आणि चौथा म्हणजे दुसऱ्याला शिकवतो, अशी सरळ व्याख्या फलकावरच लिहावी. वर्तुळ भरण्यापूर्वी पर्यवेक्षकाने ते काम स्वतः पाहिलेले असावे आणि तारीख टाकावी. एखादा माणूस सहा महिने त्या यंत्रावर गेला नसेल, ड्रॉइंगची आवृत्ती बदलली असेल किंवा यंत्राचे कंट्रोल बदलले असेल, तर त्याचे वर्तुळ एका भागाने मागे आणावे आणि पहिल्या पाळीत त्याला सोबत द्यावी.